कयाक आवाज करत नाही, हेच सीलला खटकतं (समुद्रात वल्हवणाऱ्यांनो, अनुभव लिहा)

खारा वारा

मागच्या जुलैत जॉनस्टोन सामुद्रधुनीत चार दिवस कयाक (बुटकी, अरुंद, हाताने वल्हवायची होडी) घेऊन फिरून आले. व्हँकुव्हर बेट आणि कॅनडाची मुख्य भूमी यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी. टेलिग्राफ कोव्हहून निघायचं, किनाऱ्याच्या कडेकडेने वल्हवत जायचं, रात्री तंबू. प्रवासवर्णन लिहायला बसले होते खरी, पण घोडं तिसऱ्या दिवशीच्या पाच मिनिटांवरच पेंड खातंय. म्हणून आधी तेवढंच लिहिते.

सकाळची वेळ. धुकं नुकतं उठलेलं, पाणी तेलासारखं गुळगुळीत. ओहोटी असल्यामुळे एक बुटका खडक उघडा पडला होता आणि त्यावर वीसेक सील. एखाद्या बैठकीत लोड-तक्के मांडून ठेवावेत तसे. ठिपकेवाले, गुबगुबीत, काही पोट वर करून. आम्ही चौघांनी वल्ही आडवी ठेवली आणि प्रवाहाबरोबर अलगद त्यांच्याकडे वाहू लागलो. कुणी बोलत नव्हतं. वल्ह्याच्या टोकावरून पाणी ठिबकायचा तेवढा आवाज. मला स्वतःचंच फार कौतुक वाटत होतं. आपण कशा निसर्गाशी एकरूप वगैरे.

साठेक मीटर उरले असतील. एका सीलने मान वर केली. मग तिघांनी. मला वाटलं, बघतायत आपल्याकडे, किती गोड! फोन काढला. फोनचं कुलूप उघडेपर्यंत अख्खा खडक घसरला. ओली पोती एकावर एक आपटावीत तसा आवाज, पाण्याचा एक पांढरा पट्टा, आणि दहा सेकंदांत खडक रिकामा. एक पिल्लू सोडून. ते वरच्या कपारीत राहून गेलं होतं. सीलचं पिल्लू आईला हाक मारतं ती थेट "मांऽऽ" अशी असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आम्ही उलटं वल्हवत मागे आलो आणि खडकाच्या पार पलीकडे जाऊन दुर्बिणीतून बघत बसलो. साधारण वीस मिनिटांनी एक मादी वर चढली, पिल्लाला हुंगलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. वाटाडी बाई तोवर गप्प होती. मग तिने एवढंच विचारलं, "तुम्ही कसे आलात ते आठवा. पाण्याला चिकटून, हळू, सरळ त्यांच्यावर रोख धरून, अजिबात आवाज न करता. सीलच्या आयुष्यात असं कोण येतं?"

उत्तर त्याच पाण्यात पोहत होतं. तिथे ओर्का, म्हणजे किलर व्हेल, दोन प्रकारचे. एक मासे खाणारे. ते भरपूर गप्पा मारत फिरतात, कारण सॅमन माशाला त्यांचं बोलणं फारसं ऐकू येत नाही. दुसरे सील आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) खाणारे, ज्यांना बिग्ज ओर्का म्हणतात. शिकारीला निघाले की ते तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. सीलला ऐकू येतं ना!

आणि आपण चोरपावलांनी जाऊन स्वतःला शहाणे समजतो.

तुमच्यापैकी कुणाला असं काही झालंय का? जवळ कसे जाता? की जातच नाही?

---

लाटकरी

वर्णन झकास. पण शेवट वाचून जरा राग आला, खरं सांगतो. मोटारबोटी येतात, इंजिनाचा धूर सोडतात, लाटा उडवतात, माणसं आरडाओरडा करतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही. आणि आम्ही बिचारे हाताने वल्हवतो, तेल सांडत नाही, कचरा परत आणतो, तर अपराधी आम्हीच? सील एक दिवस दचकून पाण्यात गेले तर काय आभाळ कोसळतं? पाण्यातलाच प्राणी आहे तो.

---

भूगोलाचा तास

लाटकरी, आभाळ नाही कोसळत, पण हिशेब बिघडतो. सील खडकावर हौस म्हणून येत नाहीत. विश्रांती, अंग गरम ठेवणं, कात टाकल्यासारखी केस बदलण्याची वेळ, आणि मुख्य म्हणजे पिल्लांना पाजणं. हार्बर सीलची, म्हणजे या ठिपकेवाल्या जातीची, मादी पिल्लाला जेमतेम चार ते सहा आठवडे पाजते. तेवढ्या काळात त्याला आयुष्याची चरबी साठवायची असते. ओहोटीचे मोजके तास खडक उघडा असतो, त्यातलं एकेक पाजणं मोडलं की ते भरून निघत नाही. शिवाय धावपळीत पिल्लं चेंगरतात, ती वेगळी.

मोटारबोटीचं म्हणाल, तर ती लांबून ऐकू येते, ठरलेल्या वाटेने सरळ निघून जाते. रोज तीच बोट दिसली की सील मानसुद्धा वर करत नाहीत. कयाक मात्र किनाऱ्याला घासून जाते, जिथे बोट शिरू शकत नाही त्या खाचेत शिरते, थांबते, वळते, परत येते. आणि ऐन जवळ आल्यावर दिसते. बोट चांगली आणि कयाक वाईट असं मी म्हणत नाही. बोटीचा धक्का लागला तर प्राणी मरतो, कयाकने तसं होत नाही. पण त्रास देण्याच्या बाबतीत आपण समजतो तितके सोवळे नाही आहोत.

अजून एक. सील मूर्ख नाहीत. २००२ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग छापून आला होता. हार्बर सीलना पाण्याखाली ओर्कांचे आवाज ऐकवले. ओळखीच्या मासेखाऊ ओर्कांच्या आवाजाकडे त्यांनी दुर्लक्ष केलं, सीलखाऊंचा आवाज ऐकल्यावर पळाले. गंमत म्हणजे परक्या मासेखाऊंच्या आवाजालाही पळाले. म्हणजे ओळख पटेपर्यंत प्रत्येक जण शत्रू, हा त्यांचा नियम. तुमची ओळख कधी पटलीय त्यांना?

राहिला कयाकचा इतिहास. ही होडी सहलीसाठी जन्मलीच नाही. आर्क्टिकमधल्या लोकांनी वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचं कातडं ताणलं, ते कशासाठी? सीलच्या जवळ न कळता जाण्यासाठी. बुटकी, अरुंद, मुकी. सीलच्याच कातड्यात बसून सीलची शिकार. इंग्रज मोहीमवीर जिनो वॉटकिन्स ग्रीनलंडमध्ये तिथल्या लोकांकडून कयाक शिकला, उलटी झालेली कयाक वल्ह्याच्या फटक्याने सरळ करण्यात तरबेज झाला, आणि १९३२ साली एकटाच सीलच्या शिकारीला गेला. त्याची कयाक तरंगताना सापडली. तो सापडला नाही.

---

वाचनमात्र

"सीलच्याच कातड्यात बसून सीलची शिकार." दहा वर्षांत पहिल्यांदा लॉगिन केलं या वाक्यासाठी.

---

कोरडवाहू

धागा वाचून कयाक घ्यावीशी वाटतेय आणि नकोशीही वाटतेय. माझे प्रश्न बाळबोध आहेत, हसू नका.
पोहता येतं, पण तलावात, एका दमात दोन फेऱ्या. चालेल? आणि ते कमरेला आवळलेलं झाकण असतं, होडी उलटली तर माणूस आत अडकत नाही का? मला मुख्य भीती तीच आहे.

---

उलटं कासव

कोरडवाहू, हसत नाही. ज्याला ही भीती वाटत नाही त्याच्याबरोबर मी समुद्रात जात नाही.

त्या झाकणाला स्प्रे स्कर्ट म्हणतात. कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या भोकाच्या, कडेवर तो ताणून बसवतात आणि पुढच्या बाजूला एक पट्टा बाहेर ठेवतात. उलटलात की पुढे वाकायचं, पट्टा ओढायचा, स्कर्ट सुटतो, पँट काढावी तशी होडी अंगावरून ढकलायची आणि बाहेर यायचं. सगळं मिळून पाच-सहा सेकंदांचं काम. पण ते पाच-सहा सेकंद पाठ असावे लागतात.

माझी गोष्ट सांगतो. तिसऱ्या-चौथ्या सरावाला मी घाईत स्कर्ट बसवला आणि पट्टा आत राहिला. उलटलो. हात पट्ट्याच्या जागी गेला तर तिथे नुसतं गुळगुळीत कापड. डोळ्यांपुढे हिरवं पाणी आणि बुडबुडे. ओढलं, काही हाताला लागेना. परत ओढलं. तेव्हा प्रशिक्षकाचं एक वाक्य आठवलं, पुढून नाही जमलं तर कुशीतून सोल. कमरेजवळ बोटं खुपसून कापडाची चुणी धरली, कडेवरून सोलली, आणि सुटलो. वर आलो तर प्रशिक्षक माझ्या होडीला हात लावूनच उभा होता, पाणी छातीएवढं. म्हणाला, अकरा सेकंद. मला अकरा मिनिटं वाटली होती.

त्या दिवसापासून स्कर्ट लावला की मी पट्टा हाताने वाजवून बघतो, आणि शेजाऱ्याचाही बघतो.

पोहण्याचं म्हणाल, तर लाइफ जॅकेट अंगावर असतंच, त्यामुळे वेग नको, घाबरणं नको. खरा शत्रू थंड पाणी. गॉर्डन गीसब्रेख्ट नावाचे कॅनडातले संशोधक आहेत, त्यांचा १-१०-१ हा हिशेब लक्षात ठेवा. गार पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट धाप लागते, त्यात नाकातोंडात पाणी जाऊ न देता श्वास ताब्यात आणायचा. पुढची साधारण १० मिनिटं बोटं कामाची असतात, जे काही करायचं ते त्यात. आणि शुद्ध हरपायला तास जातो. बहुतेक माणसं तास पुरा होण्याआधीच, पहिल्या दोन टप्प्यांत जातात. म्हणून कपडे उन्हाकडे बघून नाही, पाण्याकडे बघून घालायचे. वर ऊन रणरणतंय आणि तुम्ही रबराच्या सूटमध्ये घामाघूम, असंच असलं पाहिजे.

दुसरा शत्रू वारा, आणि त्यातला कपटी म्हणजे मतलई. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. किनाऱ्यावर उभं राहिलं तर पाणी सपाट दिसतं, कारण लाटा उठायला त्याला जागाच मिळालेली नसते. तुम्ही आत जाता, पाठीवर वारा, वल्हवायला मजा वाटते. अर्ध्या तासाने वळून बघता तर लाटांची तोंडं तुमच्याकडे आणि किनारा लांब. सामान्य माणूस कयाक तीन नॉट, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास वल्हवतो. समोरून तीन नॉटचा प्रवाह असेल तर दिवसभर वल्हवून तुम्ही त्याच खडकाला नमस्कार करत राहाल.

शार्कबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल.

---

कोरडवाहू

विचारणारच होतो!

---

अर्धं वल्हं

शार्क नंतर. आधी पाणमांजर.

कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागराला एल्कहॉर्न स्लू नावाची खाडी मिळते. तिथे सागरी पाणमांजरं अशी राहतात, जशी काय खाडी त्यांच्या आजोबांची. मी गेले तेव्हा सकाळी पाणी स्थिर होतं आणि कुठून तरी टक्‌ टक्‌ टक्‌ असा आवाज येत होता. वाटलं कुणी होडी दुरुस्त करतंय. बघते तर एक बाई, म्हणजे मादी, उताणी तरंगत होती. छातीवर दगड, दोन्ही पंज्यांत शिंपला, आणि ती तो दगडावर आपटत होती. चारदा आपटायचं, एकदा वास घ्यायचा. फुटला की मधलं खायचं आणि मग गर्रकन एक गोल गिरकी, छातीवरचा कचरा पाण्यात. परत उताणी. ताट धुतल्यासारखं.

पाणमांजराला चरबी नसते. व्हेल, सील सगळे चरबीवर तगतात, हा एकटा केसांवर. सर्वांत दाट जागी दर चौरस सेंटिमीटरला दीड लाखापर्यंत केस. आपल्या अख्ख्या डोक्यावर लाखभर असतात, म्हणजे बघा. त्यात हवा अडकते, ती अंग कोरडं ठेवते. तरी गारठ्यात इंजिन चालू ठेवायला रोज स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढं खावं लागतं. म्हणून तुम्हाला बघून त्याने बुडी मारली, झोप मोडली, केस विंचरायचे राहिले, की ते सगळं खर्चाच्या बाजूला.

पिल्लांची तर वेगळीच गंमत. जन्मतःचे केस इतके हवेने भरलेले की पिल्लू बुडूच शकत नाही, बुचासारखं तरंगतं. आई खाणं शोधायला खाली जाते तेव्हा त्याला समुद्री शेवाळात गुंडाळून ठेवते. म्हणून एकटं पिल्लू तरंगताना दिसलं तर "अरेरे, हरवलं" म्हणून उचलायला जाऊ नका. आई खाली बाजारात गेलीय.

खारा वारा यांच्या मुद्द्यावर माझं मत असं. मी रोख धरून जात नाही. त्यांच्या बाजूने तिरकी, आपल्याच कामाला चालल्यासारखी जाते, आणि मैत्रिणीशी साध्या आवाजात बोलत राहते. कुजबुजत नाही. कुजबुज जास्त संशयास्पद वाटते, माणसांनासुद्धा.

---

लाटकरी

हे तिरकं जाण्याचं पटलं. (पहिल्या प्रतिसादात जरा तापलो होतो, सोडून द्या.)

आवाज करण्याबद्दल एक गोष्ट जोडतो. हंपबॅक व्हेलच्या पाण्यात तर आवाज केलाच पाहिजे. दातवाल्या व्हेल आणि डॉल्फिन प्रतिध्वनीने अंदाज घेतात, त्यांना तुमची होडी कळते. हंपबॅकला ते जमत नाही. तो खाण्याच्या नादात असला की वर काय तरंगतंय याचा त्याला पत्ता नसतो. आमच्यातले काही जण हंपबॅक जवळपास असेल तर होडीच्या कडेवर मुठीने ठोकत राहतात. मीही ठोकतो.

२०१५ मध्ये माँटेरे उपसागरात मॉस लँडिंगजवळ हंपबॅकने उडी मारली ती दोघांच्या कयाकवरच. दोघंही वाचले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातच अविला बीचला दोघी जणी कयाकमध्ये बसून व्हेल बघत होत्या. त्यांच्या भोवती अचानक चांदीसारखे मासे उड्या मारायला लागले, आणि खालून उघडा जबडा. होडीसकट आत, आणि लगेच बाहेर. २०२५ च्या फेब्रुवारीत चिलीतल्या मॅगेलन सामुद्रधुनीत एक तरुण छोट्या होडीसकट असाच क्षणभर व्हेलच्या तोंडात गेला, मागच्या होडीतून वडील चित्रीकरण करत होते. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल.

तेव्हा लक्षात ठेवायची खूण एकच. बारके मासे पाण्याबाहेर उड्या मारायला लागले, वर पक्षी घिरट्या घालत तुटून पडायला लागले, की तिथे ताट वाढलेलं आहे. ताटाच्या मध्ये बसू नका. त्या दोघींनी ते मासे पाहिले, नेमके ते त्यांना सुंदर वाटले.

---

कोरडवाहू

गिळला असता तर?

---

भूगोलाचा तास

गिळता येत नाही. तोंडात मोटार मावेल, पण घसा एखाद्या मोठ्या मोसंब्याएवढा. भीती गिळण्याची नाही, तीसेक टनांचा देह अंगावर आपटण्याची आहे.

---

खारा वारा

लाटकरी, राग गेला हे वाचून बरं वाटलं. :)

चौथ्या दिवसाचं लिहायचं राहिलं होतं. जॉनस्टोनमध्ये रॉबसन बाइट नावाची एक जागा आहे. तिथल्या गोट्यांच्या उथळ किनाऱ्यावर मासेखाऊ ओर्का येतात आणि अंग घासतात. का, ते त्यांनाच ठाऊक. बहुधा बरं वाटतं म्हणून. १९८२ पासून ती जागा राखीव आहे आणि तिथे कुठलीच होडी नेता येत नाही, कयाकसुद्धा. ती आता मायकल बिग यांच्या नावाने ओळखली जाते. पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग यांच्या फोटोंवरून एकेक ओर्का वेगळा ओळखता येतो, हे १९७० च्या दशकात दाखवणारे तेच. वर ज्या बिग्ज ओर्का म्हटलं, ते नावही त्यांचंच.

म्हणजे आम्ही तिथवर गेलो आणि बाहेरून वळसा घालून निघालो. मनात चरफडत. दुपारी तिथे वायव्येचा वारा सुटतो, म्हणून वाटाडी बाईने अकराच्या आतच समोरच्या बाजूला होड्या वर ओढायला लावल्या. तंबूची दोरी बांधत होते आणि मागून आवाज आला. फूऽऽस्‌. कुकरची शिट्टी काढून वाफ एकदम सोडावी तसा, पण खोलवरून. वळून बघेपर्यंत दुसरा. मग पाठीवरचे पर दिसले, एक उंच नराचा, माणसाच्या उंचीचा, आणि त्याच्या आजूबाजूला चार लहान. आम्ही पाण्यात नव्हतो, होड्या वाळूत पडलेल्या, माझ्या हातात दोरी. ते आपल्या वाटेने, आपल्या चालीने गेले. बाईने पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचा माइक) सोडला. छोट्या डबीतून इतका कलकलाट ऐकू आला की आम्ही सगळे हसायला लागलो. किंकाळ्या, दार करकरावं तसे आवाज, मध्येच मांजराचं म्यांव.

कॅनडात व्हेल-डॉल्फिनपासून निदान १०० मीटर लांब राहावं लागतं, पिल्लू असेल किंवा ते विश्रांती घेत असतील तर २००, आणि या किनाऱ्यावर ओर्कांसाठी एरवीही निदान २००, काही भागांत त्याहून जास्त. पुस्तकात वाचताना हे अंतर फार वाटतं. त्या दिवशी किनाऱ्यावर बसून अजिबात लांब वाटलं नाही.

---

निशाचर

तुम्ही सगळे दिवसाचे प्राणी आहात. रात्री कधी गेलाय का?

पोर्तो रिकोजवळ व्हिएकेस नावाचं बेट आहे, तिथे मॉस्किटो बे. अमावास्येच्या आसपासच जायचं, चंद्र असला की रंगाचा बेरंग. पाण्यात पायरोडिनियम बहामेन्से नावाचे एकपेशीय जीव असतात, हलवलं की निळसर चमकतात. आपण त्याला जीवदीप्ती म्हणतो. उपसागराचं तोंड अरुंद आणि कडेने खारफुटी, त्यामुळे ते तिथेच साठून राहतात. २०१७ च्या मारिया वादळानंतर उजेड जवळपास गेला होता, मग हळूहळू परतला.

वर्णन करायचं झालं तर वल्हं पाण्यात घातलं की आधी काही होत नाही, अंधार. ओढायला लागलात की पात्याच्या कडेने निळा धूर निघतो. वल्हं वर घेतलं की थेंब ठिणग्यांसारखे पडतात आणि जिथे पडतात तिथे वर्तुळं पेटतात. माझ्या बाहीवर दोन ठिपके राहिले होते, ते पुसायला गेलो तर आणखी पसरले. पण मुख्य मजा मासे. एरवी दिसलेच नसते. इथे होडीच्या खालून प्रत्येक मासा पळताना रेघ ओढून जातो. एक मोठं काहीतरी, रे नावाचा चपटा मासा असावा, पंखांसह उजळत निघून गेला आणि आम्ही पाचही जण श्वास धरून बसलो.

तुमच्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं, आपल्या होडीला बघून खाली किती जण पळतात. दिवसा ते दिसत नाही एवढंच.

तिथे पोहायला बंदी आहे. अंगावरची क्रीमं पाण्यात उतरतात.

---

अर्धं वल्हं

निशाचर, शेवटून दुसरा परिच्छेद मी दोनदा वाचला.

---

उलटं कासव

आता शार्क. कोरडवाहू, पिवळ्या कयाकमागे भलामोठा पांढरा शार्क असलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. लोक खोटा म्हणतात. खरा आहे. थॉमस पेशाक यांनी २००३ साली दक्षिण आफ्रिकेत काढला. संशोधक शार्कचा मागोवा घेत होते आणि इंजिनाच्या बोटीने शार्कचं वागणं बदलतं म्हणून त्यांनी कयाक वापरली. म्हणजे आवाज नसण्याचा फायदाही आहे, ज्याला तो कशासाठी वापरायचा हे कळतं त्याला.

आणि सीलचा सूड हवा असेल तर २०१८ साली न्यूझीलंडमध्ये काइकौराजवळचा व्हिडिओ शोधा. एक सील अख्खा ऑक्टोपस तोंडात धरून पाण्यातून वर येतो आणि कयाकमधल्या माणसाच्या थोबाडीत मारतो. फाडकन.

---

कोरडवाहू

पाहिला. चार वेळा. आता सीलच्या बाजूने आहे.

पण नवख्या माणसाला शंभर मीटर कळणार कसे? समुद्रात काहीच खुणा नसतात.

---

भूगोलाचा तास

अंगठा दाखवायचा. खरंच. हवाईत मंक सील किनाऱ्यावर पडलेला असला की लोकांना सांगतात, हात लांब करा, अंगठा आडवा धरा, सील पूर्ण झाकला गेला तर अंतर ठीक. पण हा हिशेब जवळच्या अंतराचा आहे, पंधरा-सोळा मीटरच्या आसपासचा, आणि किनाऱ्यावरच्या माणसासाठी. कयाकमध्ये अंगठा उभा धरा. दोन सेंटिमीटर रुंदीचा अंगठा हाताच्या टोकाला दीड मीटरचा सील झाकतो तो साधारण पन्नास मीटरवर. पिल्लांच्या दिवसांत तेही पुरत नाही. तेव्हा करंगळीचं नख घ्या. एक सेंटिमीटरचं नख म्हणजे शंभर मीटर, सोपं गणित.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सीलपासून शंभर यार्ड लांब राहायला सांगतात, म्हणजे ९१ मीटर. तेही नखातच बसतं.

आणि नख विसरलात तरी सील सांगतोच. एकाने मान वर केली, तिथेच थांबायचं आणि तिरकं मागे व्हायचं. खारा वारा यांनी फोन काढला तो नेमका त्या क्षणी.

---

खारा वारा

मान्य. फोन आता कोरड्या पिशवीत, पायाशी असतो. हात पोचत नाही.

लोकांचे फोटो बघून आपलंही डोकं फिरतं, हे लिहायचं राहिलं. कुणीतरी मोठ्या लेन्सने दीडशे मीटरवरून काढलेला असतो, आपल्याला वाटतं तो शेजारी बसून काढलाय, आणि आपण फोन घेऊन तेवढे जवळ जायला बघतो.

---

कोरडवाहू

तीन महिन्यांनी धागा वर काढतोय, माफ करा.

शिकवणी लावली. स्कर्ट लावून उलटायचं, पट्टा ओढून बाहेर यायचं, सतरा वेळा केलं. पहिल्या वेळी नाकात इतकं पाणी गेलं की दोन दिवस डोकं झुकवलं की थेंब पडायचे. पण आता पट्टा वाजवून बघायची सवय लागलीय, मोटारीत बसलो तरी हात पोटाकडे जातो.

परवा पहिल्यांदा बाहेरच्या पाण्यात नेलं. एका तरंगत्या खांबावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. मी हात लांब केला, अंगठा उभा धरला. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी पंख बाहेर. म्हटलं, जवळ आलोय, वळू या. तिरका, कुजबुज न करता, सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

वळताना उलटलो. पाणकावळा उडून गेला.